आगोटीआधी: कोकणातल्या सुवार्तिकाला आधार कसा द्यावा

मे सरत आला की कोकणातल्या सुवार्तिकाच्या, म्हणजे ख्रिस्ताची सुवार्ता सांगणाऱ्या सेवकाच्या, घरी खर्च एकदम अंगावर येतो. घर शाकारायचं असतं, फुटलेली कौलं बदलायची असतात, तांदूळ, डाळ, मीठ, मसाला, सुकी मासळी अशी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी करायची असते. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, म्हणजे वह्या, दप्तर, गणवेश, रेनकोट. नेमकं त्याच वेळी मंडळीचं (गावच्या चर्चचं) अर्पण आटतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, आंबा-काजूच्या बागांतली मजुरी संपलेली, आणि लावणीचे पैसे अजून कोणाच्या हातात आलेले नसतात. बाहेरच्या मंडळ्यांना मात्र सुवार्तिकाची आठवण होते ती नाताळात. डिसेंबरात केक आणि ब्लँकेटं येतात, जुलैत साधा फोन येत नाही.

म्हणून कोकणात आधाराची आखणी जूनपासून सुरू करावी आणि नाताळ शेवटी धरावा. मुंबई, वसई, पुणे, कोल्हापूर किंवा रत्नागिरी-सावंतवाडीतली एखादी मंडळी, तरुण संघ, स्त्रियांची सभा, नाहीतर आठ-दहा कुटुंबं मिळून एका सुवार्तिकाला हातभार लावणार आहेत, असं धरून पुढचं लिहिलं आहे. कॅथलिक धर्मग्रामांची घडी वेगळी. तिथं फादर-सिस्टरांची सोय धर्मप्रांत आणि त्यांचे संघ पाहतात. पण वाड्यावाड्यांत धर्मशिक्षण देणारे साधे गृहस्थ तिथंही असतात, आणि त्यांना यातलं बरंच लागू पडतं.

आधी चौकशी

फोटो पाहून मन हेलावतं, लगेच दोन हजार रुपये जातात, आणि तिसऱ्या महिन्यात विसर पडतो. हे टाळायचं तर पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. त्याला कोणत्या मंडळीने पाठवलं? महिन्याचा हिशेब आणि कामाची माहिती तो कोणाला देतो? आणखी कोणाकोणाची मदत येते? घरात दुसरं कोणी कमावतं का? हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. प्रेषित पौलाने करिंथकरांच्या दानाबाबत हेच केलं होतं. एवढी रक्कम हाताळताना कोणी बोट ठेवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली (२ करिंथ ८:१९-२१). ज्याला अशा प्रश्नांचा राग येतो त्याच्या बाबतीत जरा थांबावं.

पाठवणाऱ्या मंडळीच्या पाळकांशी बोला, आणि शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या एखाद्या पाळकांशीही. संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या वर्षीचे लेखापरीक्षण झालेले हिशेब मागा. सुवार्तिकाची स्वतःची संस्था नसेल तर बिघडत नाही. उलट एकट्या माणसाने आपल्या नावाचा ट्रस्ट काढून त्यावर बायको आणि मेहुण्याला बसवलेलं असेल, तर तिथं जास्त जपून.

काम कोणात चाललं आहे हेही समजून घ्या, कारण त्यावर त्याचं सगळं वर्ष ठरतं. कातकरी वाडीवर काम करणाऱ्याची वाडी दिवाळीनंतर रिकामी होते. माणसं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. चिरेखाणीवरच्या मजुरांचं नेमकं उलटं: पाऊस लागला की खाणी बंद आणि कर्नाटकातून आलेली कुटुंबं गावी. आंब्याच्या बागांतल्या नेपाळी राखणदारांना भेटायचं तर हंगामात, तेही संध्याकाळनंतर. कोळीवाड्यात बोटी बाहेर असल्या की पुरुष सभेला नसणारच. हे ठाऊक नसलं की डिसेंबरच्या अहवालात ‘सभा नाही’ वाचून पुण्यातली कमिटी भुवया उंचावते.

घरखर्चाचा कागद

रक्कम आपल्या मनाने ठरवू नका. सुवार्तिक आणि त्याची पत्नी दोघांना बसवून एका कागदावर महिन्याचा खर्च लिहून घ्या. पत्नी समोर असणं महत्त्वाचं, कारण तो एकटा असला की संकोचाने निम्माच आकडा सांगतो. भाडं, किराणा, गॅस, वीज, मोबाइल, शाळा, औषधं, आईवडिलांना पाठवायचे पैसे, एवढं सगळ्यांना सुचतं. हमखास राहून जातात त्या दोन गोष्टी म्हणजे प्रवास आणि पाहुणचार.

प्रवासाचा हिशेब असा करा. आठवड्यातून तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी जाऊन-येऊन ३० किलोमीटर, म्हणजे आठवड्याला ९० आणि महिन्याला साधारण ३९०. घाट-चढावावर जुनी मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरलं, तर पावणेनऊ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर ९१० रुपये झाले. त्यात महिन्याला ३०० ते ४०० रुपये गाडीच्या दुरुस्तीसाठी वेगळे ठेवायचे. लाल मातीच्या चिखलात ब्रेक लायनर आणि चेन लवकर जातात, आणि गुळगुळीत झालेल्या टायरवर पावसात घाट उतरू द्यायचा नसतो. मागचा टायर मेमध्येच बदलून द्या.

पाहुणचार म्हणजे रविवारचा भात. उपासनेनंतर दूरच्या वाडीवरून चालत आलेल्यांना उपाशी परत पाठवत नाहीत. वीस माणसांना दोन ते अडीच किलो तांदूळ, अर्धा किलो डाळ, पावकिलो तेल, चहाला लिटरभर दूध. महिन्याला दहा किलो तांदूळ सुवार्तिकाच्या घरच्या डब्यातून जातो, आणि तो त्याच्या घरखर्चातच मोजला जातो. हा खर्च मंडळीचा म्हणून वेगळा लिहा. मग त्याच कागदावर गावच्या मंडळीचा वाटाही लिहिता येतो: कोणी तांदूळ देईल, कोणी नारळ, कोणी सरपण. गावातल्या माणसांनी काहीच द्यायचं नाही आणि सगळं मुंबईहून यायचं, ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

समजा बेरीज २०,००० झाली. स्थानिक अर्पण ५,०००, पत्नीचं शिवणकाम ३,०००. उरले १२,०००. हे चार घरांनी तीन-तीन हजार देऊन भरण्यापेक्षा बारा घरांनी हजार-हजार देऊन भरावेत. एका घरातली नोकरी गेली तर बारावा हिस्सा कमी होतो, चौथा नाही. प्रत्येकाने वर्षभर, जुलैतही, देता येईल तेवढंच वचन द्यावं. तीन महिने तीन हजार आणि मग शून्य यापेक्षा वर्षभर पाचशे कितीतरी बरे, कारण पाचशेवर दूधवाल्याचं बिल तरी ठरवता येतं.

या बारा हजारांखेरीज महिन्याला आणखी हजार रुपये आगोटीसाठी बाजूला टाका. जूनला सुरू केलं तर पुढच्या मेपर्यंत १२,००० जमतात, आणि २० मेच्या आत ते पूर्ण त्याच्या हातात पडले पाहिजेत. तीस तारखेला पोचलेले पैसे उपयोगाचे नसतात. तोवर कौलं चढवणारा गडी मिळत नाही आणि ताडपत्रीचा भाव वाढलेला असतो.

सुवार्तिकाने असा ठरलेला आधार घ्यावा का, हा वाद जुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचं पगारी काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पौलही तंबू शिवून पोट भरत असे. पण सुवार्ता सांगणाऱ्यांचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा हेही त्यानेच लिहिलं (१ करिंथ ९:१४), आणि स्वतःचा हक्क सोडणं ही त्याची मर्जी होती, मंडळीने त्याच्यावर लादलेली अट नव्हती. ‘तुम्ही विश्वासाने जगा’ असा उपदेश भरल्या पोटी दात्याने करू नये.

पैसे पाठवताना

बँकेत महिन्याच्या १ ते ५ तारखेदरम्यानची स्थायी सूचना देऊन ठेवा. आठवण ठेवून पाठवू म्हटलं की गणपतीत राहतं. पैसे पाठवणाऱ्या मंडळीच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जावेत, आणि खजिनदाराखेरीज आणखी एकाची सही असावी. पावती दर वेळी घ्या.

थेट सुवार्तिकाच्या यूपीआयवर पाठवणं सोपं असतं, पण वर्षभरात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेल्या अशा भेटी मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर पूर्ण रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते. दहा जणांनी प्रेमाने महिन्याला पाचशे पाठवले तरी वर्षाचे ६०,००० होतात. त्याला कर बसेलच असं नाही, पण विवरणपत्र भरायला एखाद्या जाणकाराची मदत आधीच करून द्या. देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत (८० जी) हवी असेल तर संस्थेकडे ती मान्यता आहे का ते पाहा. एका विशिष्ट धर्मसमाजासाठीच असलेल्या संस्थेला ती सहसा मिळत नाही. नव्या करप्रणालीत ही सवलत नाहीच, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवरही नाही.

परदेशातल्या पैशांबाबत कोकणात नेहमी घोळ होतो, कारण घराघरातलं कोणीतरी आखातात असतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी योगदान ठरत नाहीत. तोच माणूस परदेशी नागरिक झाला असेल, मग तो मूळचा दापोलीचा का असेना, तर ते विदेशी योगदान. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायदा) नोंदणी लागते आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने असा निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आहे. त्यामुळे ‘आमच्या खात्यात घेतो आणि तुम्हाला वळवतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. परदेशी पाहुण्याने सेवेसाठी म्हणून सुवार्तिकाच्या खासगी खात्यात पैसे टाकणं ही त्यावरची पळवाट नाही. त्यात अडकतो तो सुवार्तिक.

वस्तू पाठवायच्या तर

तुरुंगातून लिहिताना पौलाने तीमथ्याला त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तकं आणायला सांगितली, आणि हिवाळ्याआधी ये म्हणून घाई केली (२ तीमथ्य ४:१३, २१). काय हवं, ते कुठे आहे, कधीपर्यंत हवं, तिन्ही स्पष्ट. वस्तू अशाच मागवून पाठवाव्यात. न विचारता आलेली जुन्या कपड्यांची बोचकी दमट खोलीत पडून राहतात, त्यांना कुबट वास येतो, आणि मग ती कोणाला द्यायची हा सुवार्तिकाचा नवा ताप होतो. मुदत संपत आलेली औषधं तर कधीच पाठवू नका.

उपयोगी पडतं ते असं: गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट त्याच्या मापाचे, दोन भागांचा जाड रेनकोट (एका अंगाच्या कोटात पाणी गाडीवर मांडीवरून आत जातं), चांगली बॅटरी, २०,००० एमएएचची पॉवर बँक, एक सौर कंदील, मोठी ताडपत्री. रात्री सभेवरून पायवाटेने परतताना बॅटरी आणि गमबूट ही चैन नसते. फुरसं आणि घोणस पावसात वाटेवर असतात, आणि सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे ते त्याला आधी माहीत असावं. शेतात अनवाणी चिखल तुडवणाऱ्यांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. पायाला जखम असताना लावणीच्या शेतात उतरू नये, आणि ताप आला की दोन दिवस काढा पीत न बसता आरोग्य केंद्र गाठावं, एवढं सांगून ठेवा.

पुस्तकांची पेटी पाठवायची तर मेमध्ये, आणि अशी. बायबलं, नवे करार, गीतांची पुस्तकं आधी दोन दिवस कोवळ्या उन्हात पसरून पूर्ण कोरडी करा. दमट पुस्तक प्लास्टिकमध्ये बंद केलं की बुरशी आतच वाढते, आणि दोष मग कोकणच्या हवेला दिला जातो. कोरडी झाली की पाच-पाचचे गठ्ठे करून जाड प्लास्टिक पिशवीत, सोबत सिलिका जेलची दोन-तीन पुडकी, तोंड घट्ट बंद. हे गठ्ठे पत्र्याच्या पेटीत ठेवायचे आणि पेटी जमिनीवर न टेकवता फळीवर किंवा विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी पेटी उघडून तास-दोन तास वारा द्यायचा. स्पीड पोस्टाने पाठवत असाल तर पत्त्यात वाडीचं नाव, तालुका, पिनकोड आणि फोन चारही हवेत. एका गावाच्या सात-आठ वाड्या असतात आणि पार्सल भलतीकडे फिरतं.

पुस्तकं कोणती हेही विचारा. म्हाताऱ्यांना मोठ्या टायपातली हवी असतात, नेपाळी राखणदाराला नेपाळी. वाचता न येणाऱ्यांसाठी मेमरी कार्डावर भरलेलं नव्या कराराचं वाचन आणि एक छोटा स्पीकर दहा छापील प्रतींपेक्षा जास्त ऐकला जातो.

पहिला पावसाळा

कोकणात सेवा करणारे पुष्कळ सुवार्तिक घाटावरचे असतात, मराठवाड्यातले किंवा नगरकडचे. त्यांचा पहिला पावसाळा जड जातो. आठवडाभर ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, वीज गेली की दोन दिवस येत नाही, नेटवर्क नाही, भाकरीची सवय असलेल्यांना रोज भात. मालवणी समजते पण बोलता येत नाही, त्यामुळे बायकोला शेजारणींत मिसळता येत नाही. हा काळ पैशाने भागत नाही. मंडळीतल्या एखाद्या जोडप्याने जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ठरलेल्या वारी फोन करावा, आणि तो तिलाही करावा. सभेला किती आले हे विचारायच्या आधी घरात कोण आजारी आहे ते विचारावं.

निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातली छपरं नेली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी धावपळ करून निधी उभारण्यापेक्षा आपत्तीसाठी एक महिन्याच्या आधाराइतकी रक्कम खजिनदाराकडे कायम शिल्लक ठेवा आणि ती कोणाच्या एका फोनवर सोडायची ते आधीच ठरवा.

भेटीला जाताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गणपतीत जाऊ नका: एसटी, रेल्वे, महामार्ग सगळं चाकरमान्यांनी भरलेलं असतं. शिमग्यातही नको. पालखी घरोघर फिरत असते, विश्वासात आलेल्या घरांचे भाऊबंदांशी संबंध तेव्हा नाजूक असतात, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा लाउडस्पीकर म्हणजे मुद्दाम डिवचणं वाटतं. तुम्ही रात्रीच्या गाडीने परत जाल, गावाला उत्तर द्यायला सुवार्तिक राहील. पावसात जायचंच असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक पाहा आणि आंबा, कुंभार्ली, करूळ, आंबोली यांपैकी तुमच्या वाटेचा घाट सुरू आहे का ते निघण्याआधी विचारा. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला अशा फेरीबोटींनी बराच वळसा वाचतो, फक्त शेवटची बोट किती वाजता ते ठाऊक हवं.

चार-पाच जणांहून जास्त नको. बस भरून जाणं ही सहल असते. अंथरूण आपलं न्या, किराणा पोचल्या पोचल्या वहिनींच्या हातात द्या, आणि स्वयंपाकघरात मदतीला बसा. तुमच्यातल्या एकाला वायरिंग येत असेल, एकाला गाडीचं काम येत असेल, तर त्या हातांचा उपयोग प्रवचनापेक्षा जास्त होतो. शक्य असेल तर एक रविवार तुमच्यातला कोणी उपासना चालवेल आणि सुवार्तिक कुटुंबाला घेऊन दोन दिवस बाहेर जाईल, अशी सोय करा. वर्षातून दोन आठवडे भरपगारी रजा कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तो ती कधीच घेत नाही.

फोटो विचारून काढा. नव्याने सभेला येऊ लागलेल्या माणसाचा चेहरा, नाव आणि वाडी मुंबईच्या ग्रुपवर टाकू नका. तो मेसेज पाच मिनिटांत त्याच्या चुलत्याच्या फोनवर पोचतो.

पत्र, प्रार्थना आणि आकडे

१८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोटला काम सुरू केलं तेव्हा पत्र आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जायचं आणि उत्तराला महिने लागायचे. आता निळी टिक लगेच दिसते, तरी उत्तर येत नाही. सुवार्तिकाने पाठवलेल्या प्रत्येक मासिक पत्राला मंडळीतल्या एका ठरलेल्या माणसाने आठवड्याच्या आत उत्तर द्यायचं, एवढा नियम करा. ‘आमेन’ आणि हात जोडल्याचं चित्र हे उत्तर नव्हे. ‘तुम्ही लिहिलेली धाकट्याच्या खोकल्याची गोष्ट बुधवारच्या प्रार्थनेत घेतली, आता कसा आहे?’ असं लिहिलं की पत्र वाचलं गेलं हे त्याला कळतं, आणि पुढच्या महिन्यात तो जरा मोकळं लिहितो.

त्याच्याकडून तीन गोष्टी मागा: काय झालं, काय अडलं, कशासाठी प्रार्थना हवी. बाप्तिस्म्यांचा आकडा मागू नका. आकडा मागितला की आकडा येतो, कधी जरा फुगून. तो फुगलेला आकडा कोणी छापला की गावात भलत्याच चर्चेला तोंड फुटतं. तसंच मदतीचं. पुरानंतर तांदूळ वाटायचा तर वाडीतल्या सगळ्यांना सारखा, यादी करून, सही घेऊन, आणि उपासनेच्या दिवशी व जागी नाही. आमिष दाखवलं असा आरोप झाला तर ती यादी उपयोगी पडते. धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क संविधानाच्या कलम २५ मध्ये आहेच, तरी एका वकिलाचा फोन नंबर आणि भाडेकराराची प्रत त्याच्या घरात असू द्या.

आजारपण आणि म्हातारपण

इथं मंडळ्या सगळ्यात जास्त चुकतात, कारण हा खर्च आज दिसत नाही. सुरुवात स्वस्तात होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये (१८ ते ७० वय, अपघातासाठी २ लाख), जीवनज्योती विमा ४३६ रुपये (१८ ते ५० वय, मृत्यूनंतर २ लाख). माणशी ४५६ रुपये झाले. हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप कापला जातो. आगोटीच्या खर्चाने खातं रिकामं असेल तर कापला जात नाही, विमा बंद पडतो, आणि कोणाला कळतही नाही. म्हणून नवरा-बायको दोघांचे ९१२ रुपये २० मेच्या रकमेतच धरा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुकाची नोंद पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजारी पडायच्या आधी तपासा. घाटावरून आलेल्यांचं रेशनकार्ड हमखास गावाकडे भावाच्या कपाटात असतं.

वय चाळिशीच्या आत असेल आणि तो आयकर भरत नसेल तर अटल पेन्शन योजना उघडता येते. नाहीतर पीपीएफ: वर्षाला किमान ५०० रुपये, मुदत १५ वर्षं. महिन्याला पाचशे मंडळीने वेगळे टाकले तरी ते त्याच्या हातखर्चात मिसळत नाहीत. वारस म्हणून पत्नीचं नाव घातलं आहे ना, हे पाहणं खजिनदाराचं काम. आणि राहतं घर मंडळीचं असेल तर तो गेल्यावर त्याच्या कुटुंबाला किमान सहा महिने तिथं राहता येईल, असा ठराव तो धडधाकट असतानाच करून ठेवा.

थांबायचं झालं तर

दात्यांची परिस्थिती बदलते, कमिटी बदलते, कधी सुवार्तिकाचंच काम बदलतं. हिशेबात गडबड आढळली तर आधी पाठवणाऱ्या मंडळीच्या पाळकांना सोबत घेऊन त्याच्याशी समोरासमोर बोला. ऐकीव गोष्टीवर स्थायी सूचना बंद करू नका. बाकी कारणांसाठी तीन महिने आधी लेखी कळवा आणि शेवटचा हप्ता कधी ते तारखेसह लिहा. ऑक्टोबरात कळवलं तर डिसेंबरअखेर थांबता येतं आणि पुढच्या आगोटीआधी दुसरी मंडळी शोधायला त्याला पाच महिने मिळतात. एप्रिलमध्ये कळवून जूनमध्ये बंद करू नका, मग कारण कितीही योग्य असो. नवी मंडळी मिळाली की घरखर्चाचा कागद, विम्याच्या तारखा आणि आपत्तीसाठी ठेवलेली शिल्लक तिच्या खजिनदाराच्या हवाली करून त्याची सही घ्या.